वंशावळीतील रिकामी जागा

नाताळ जवळ आला की, १७ डिसेंबरच्या मिस्सेत आणि पुन्हा नाताळच्या पूर्वसंध्येला, मत्तयलिखित शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला जातो. अब्राहामापासून दावीदापर्यंत, दावीदापासून बाबिलोनच्या हद्दपारीपर्यंत आणि हद्दपारीपासून ख्रिस्तापर्यंत अशी चौदा-चौदा पिढ्यांची नावे एकामागून एक येऊ लागतात आणि बाकांवर चुळबुळ सुरू होते. कोणी घड्याळ पाहतो, कोणी पोराला बाहेर नेण्याचे निमित्त शोधतो. वाचणाऱ्या धर्मगुरूंची जीभही एखाद्या नावापाशी अडखळते. खरे सांगायचे तर आम्हीही त्या चुळबुळ करणाऱ्यांतलेच. ही नावे आम्हाला कधी काही बोललीच नव्हती. पण स्वतःच्या घराण्याची वंशावळ लिहायला बसलो, आणि मग तो अध्याय आम्हाला ऐकू येऊ लागला.

त्याची हकिकत आणि त्यातून उभा राहिलेला एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

शोध

आमच्या घराण्याचा कुटुंब मेळावा भरवायचे ठरले. घराणे पांगले आहे. कोणी विरारला, कोणी पुण्याला, कोणी आखातात, दोन कुटुंबे कॅनडात. चुलत-चुलत भावंडांची मुले रस्त्यात समोरासमोर आली तरी एकमेकांना ओळखणार नाहीत. तेव्हा मेळाव्याच्या दिवशी भिंतीवर एक मोठा कुटुंबवृक्ष लावावा, असे कोणीतरी सुचवले आणि ते काम आम्हा चार चुलत भावंडांच्या गळ्यात पडले.

प्रथम आम्ही वडीलधाऱ्यांकडे गेलो. आजी-आजोबांपर्यंतची नावे सर्वांना ठाऊक होती. पणजोबांचे नावही सांगता येत होते. पणजीचे नाव विचारले की मात्र 'आम्ही तिला आजीच म्हणायचो' असे उत्तर येई. जुन्या प्रार्थनापुस्तकांत ठेवलेली मृतांची स्मरणपत्रे काढली. कबरस्थानात गेलो, पण आपल्याकडे जागेअभावी त्याच त्या कबरी पुन्हा वापरल्या जातात, त्यामुळे दगड फार मागे नेत नाहीत. मग सातबारा आणि फेरफाराच्या नोंदी पाहिल्या. त्यांतून एक गोष्ट कळली. ज्या वाडीला आम्ही 'बापजाद्यांची' म्हणतो, ती वाडी आमचे आजोबा कूळ म्हणून कसत होते आणि कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरल्यानंतर ती त्यांच्या नावावर झाली. त्याआधीचे कागद मोडी लिपीत होते. ते वाचून घेण्यासाठी जाणकाराकडे खेटे घातले. शेवटी धर्मग्राम कार्यालयात जाऊन फादरांची परवानगी घेतली आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या त्यांच्या देखरेखीखाली उघडल्या.

या वह्यांचाही एक इतिहास आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची आणि बाप्तिस्म्याची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने या नोंदी कशा लिहाव्यात याचे नमुने घालून दिले. बाळाचे नाव, आईवडिलांची नावे, गाव, धर्मपिता, धर्ममाता, तारीख आणि खाली धर्मगुरूंची सही. १९०८ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी, समासात, त्या व्यक्तीचा विवाह कोठे व कोणाशी झाला हेही लिहिले जाऊ लागले. म्हणजे एका पानावर एका माणसाचे आयुष्य थोडक्यात उतरू लागले. राजेरजवाड्यांच्या बखरी पुष्कळ झाल्या. पण वाडीत पाणी शिंपणाऱ्याचे आणि मासळी विकणारीचे नाव जपून ठेवणारी वही आपल्या चर्चच्या कपाटात होती, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम उमगले.

वह्या चाळता चाळता सारी वसई डोळ्यांपुढून जाते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. १८१८ पासून इंग्रजांचा अंमल आला. चर्चच्या कारभाराची सूत्रेही बदलत गेली. गोव्याचे धर्मप्रांत, १८८६ पासून दमणचे, १९२८ पासून मुंबईचे आणि १९९८ पासून आपले स्वतःचे वसई धर्मप्रांत. त्याप्रमाणे नोंदींची भाषा बदलते. पोर्तुगीज, लॅटिन, इंग्रजी आणि शेवटी मराठी. एकच आडनाव चार पानांवर चार तऱ्हांनी लिहिलेले आढळते. आपले पूर्वज राजवटींखाली राहिले, भाषांखाली राहिले आणि तरी घरात आपलीच बोली बोलत राहिले.

ते पान

पणजोबांची नोंद सापडली ती १८७७ च्या वहीत. अक्षर वळणदार, शाई तपकिरी झालेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. आम्हाला आनंद झाला. एका वयोवृद्ध, पोर्तुगीज जाणणाऱ्या धर्मगुरूंनी ती वाचून दाखवली. नाव बरोबर होते. तारीख होती. धर्ममातेचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव, गाव, सारे स्वच्छ लिहिले होते. आईवडिलांच्या जागी मात्र दोनच शब्द होते, 'पाइश इन्कॉग्नितुश'. फादरांनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "आईवडील अज्ञात."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आणखी एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. जे आडनाव आम्ही आज अभिमानाने लावतो, ते त्या धर्ममातेच्या नवऱ्याचे होते. म्हणजे ज्या घराने त्या पोराला पाण्यापर्यंत नेले, त्याच घराने त्याला वाढवले आणि आपले नाव दिले.

घरी येऊन हे मोठ्या काकांना सांगितले. काका शहाऐंशी वर्षांचे. ज्यांच्याविषयी ही नोंद होती ते त्यांचे सख्खे आजोबा. त्यांच्या खांद्यावर बसून काका लहानपणी सणाला गेलेले. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे लिहायचे नाही. झाकली मूठ राहू द्या. माझ्या आजोबांना गावाने मान दिला. आज ते उत्तर द्यायला उभे राहू शकत नाहीत. त्यांच्या पश्चात तुम्ही त्यांना भिंतीवर टांगणार?"

आमच्यातली धाकटी बहीण शिक्षिका आहे. ती म्हणाली, "काका, त्या जागी आपण कोणाचे तरी नाव घातले तर ते खोटे होईल. आणि वंशावळच तिथून सुरू केली, तर तेही झाकणेच."

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. एकाने तर्क लढवायला सुरुवात केली. कोणी गोरा अधिकारी असेल, कोणी जमीनदार असेल, कोण्या विधवेचे मूल असेल. दुसऱ्याने जरा बरा तर्क काढला. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनवर मोठा दुष्काळ होता. तेव्हा पोट भरायला निघालेल्या कोणा जोडप्याचे ते मूल असेल. काका उठून आत गेले.

कुळाचा अभिमान कशाचा?

या प्रसंगाने आम्हाला एक प्रश्न विचारायला लावला. माणूस आपली वंशावळ शोधतो ती कशासाठी?

पहिले उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, अभिमानासाठी. आपण कोणी थोर घराण्यातले निघू, अशी सुप्त आशा मनात असते. आमच्याही होती. ही आशा आजची नाही. उत्तर कोकणातील घराण्यांची माहिती देणारी 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केली. तिच्यात कोणते कूळ सोमवंशी, कोणते सूर्यवंशी, कोणते शेषवंशी, यांच्या याद्या आहेत. राज्ये बुडाली, धामधूम झाली, की माणसे आपापल्या कुळाची नावे घट्ट धरून ठेवतात. त्यात आधार असतो. पण त्याच याद्यांनी कोण वर आणि कोण खाली हेही ठरत असते.

आपण ख्रिस्ती झालो म्हणून यातून सुटलो का? आपल्या वसईत कोणी सामवेदी, कोणी वाडवळ, कोणी कोळी, कोणी ईस्ट इंडियन. प्रत्येकाची बोली, पेहराव, लग्नातली गाणी वेगळी. ही आपली श्रीमंती आहे आणि ती जपलीच पाहिजे. पण सोयरीक जुळवताना दबक्या आवाजात 'मूळचे कोण?' असे विचारले जाते, तेव्हा तो प्रश्न गाण्यांविषयी नसतो. एकाच वेदीपाशी ख्रिस्तशरीर स्वीकारणारी दोन माणसे बाहेर आल्यावर चारशे वर्षांपूर्वीच्या पायऱ्या मोजू लागतात.

आणि मोजायचेच तर नीट मोजावे. प्रत्येकाला दोन आईवडील, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. असे दहा पिढ्या मागे गेले की १०२४ जागा होतात. म्हणजे साधारण चिमाजी अप्पांच्या स्वारीच्या सुमारास आपल्यापैकी प्रत्येकाच्या पूर्वजांच्या हजारभर जागा भरलेल्या होत्या. गावातल्या गावात लग्ने होत असल्याने त्यांतल्या कित्येक जागांवर तीच तीच माणसे असतील. तरी संख्या मोठीच. त्या हजारांतल्या एकाच ओळीचे आडनाव आपण लावतो. उरलेल्या सगळ्यांत कोणकोण असेल? पोर्तुगीज काळात कोटाच्या आत धनिकांच्या घरी गुलाम राबत. त्यांचाही बाप्तिस्मा होई आणि अनेकदा धन्याचेच नाव त्यांना मिळे. तेही आपल्या रक्तात नसतील असे कोण छातीठोकपणे सांगेल? धर्मांतराच्या वेळी कोणी मनापासून श्रद्धेने आला, कोणी जमिनीच्या वा नोकरीच्या आशेने, कोणी सत्तेच्या दडपणाखाली. तेही सारे आपलेच. त्यांतल्या एकालाच निवडून 'आम्ही यांचे' असे म्हणणे म्हणजे उरलेल्यांना नाकारणे होय.

नोंदीत नाव सापडले नाही तर माणसाचे काय होते, हे पवित्र शास्त्रातही आहे. बाबिलोनहून परतलेल्या लोकांपैकी काही याजककुळांनी आपली वंशावळ शोधली. ती मिळाली नाही म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ही हकिकत एका ओळीत येऊन जाते. पूर्वी आम्ही ती वाचून पुढे गेलो असतो. आता त्या माणसांचे चेहरे आम्हाला दिसतात. पुढे संत पौल तीमथ्याला आणि तीताला बजावतो की, न संपणाऱ्या वंशावळींच्या वादात पडू नका. बाप्तिस्मा करणारा योहान तर 'आम्ही अब्राहामाची लेकरे' म्हणून मिरवणाऱ्यांना रस्त्यातले दगड दाखवतो.

मग वंशावळ लिहूच नये का?

तसे असते तर मत्तयाने शुभवर्तमानाची सुरुवात वंशावळीने केली नसती. पण त्याने ती कशी लिहिली आहे, हे पाहण्यासारखे आहे. येशूच्या त्या पूर्वजांत मारियेच्या आधी चार स्त्रिया येतात. सासऱ्याकडून न्याय मिळवण्यासाठी वेश पालटून वाटेवर बसलेली तामार. यरीहोची राहाब, जिचा धंदा सर्वांना ठाऊक होता. परक्या मवाब देशाची विधवा रूथ. चौथीचे तर मत्तय नावही घेत नाही. तिला तो उरीयाची बायको म्हणतो, आणि तेवढ्याने दावीद राजाचे पाप वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे करतो. सारा, रिबेका, राहेल अशी मानाची नावे त्याला घालता आली असती. त्याने ती घातली नाहीत. ज्या नावांपाशी इतरांनी पान उलटले असते, नेमकी तीच त्याने ठेवली.

त्याहून मोठी गोष्ट शेवटी येते. बेचाळीस पिढ्या चालत आलेली ती ओळ मारियेपाशी पोचत नाही, योसेफापाशी पोचते. आणि आपण तर मानतो की योसेफ येशूचा जन्मदाता पिता नव्हे. मग एवढी नावे कशासाठी मोजली? कारण योसेफाने त्या बाळाला नाव दिले, आपल्या घरात घेतले, सुतारकाम शिकवले. एवढ्याने दावीदाचे कूळ त्याचे झाले. ज्याने सांभाळले तो बाप, ही गोष्ट शुभवर्तमान आपल्या पहिल्याच पानावर सांगते. आमच्या वहीतल्या त्या धर्ममातेने आणि तिच्या नवऱ्याने याहून वेगळे काय केले होते?

झाकावे की सांगावे?

तरीही काकांचा प्रश्न उरतोच. मेलेल्या माणसाच्या गोष्टी उघड करण्याचा अधिकार जिवंतांना आहे काय?

काकांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दुसऱ्याचा दोष खरा असला तरी सबळ कारणाशिवाय तो चारचौघांत सांगणे हे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार पाप आहे. खोटी साक्ष देऊ नये या आज्ञेचाच तो भाग आहे. मृतांनाही अब्रू असते, आणि ती राखणारे फक्त आपणच असतो. शिवाय जिवंतांचाही विचार हवा. उपवर मुलीच्या घरी अशी गोष्ट गेली तर लोक काय बोलतील, ही भीती खोटी नाही.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८८१ च्या सुमारास व्हॅटिकनचे दप्तर अभ्यासकांना खुले केले. १८८३ साली इतिहासाविषयी लिहिलेल्या पत्रात त्यांनी जुन्या रोमन लेखकाचा दाखला देऊन सांगितले की, इतिहास लिहिणाऱ्याने असत्य बोलण्याचे धाडस करू नये आणि सत्य बोलण्यास कचरू नये. ख्रिस्तसभेच्या इतिहासात लपवण्यासारखे काही नाही म्हणून ते असे म्हणाले नाहीत. सत्याने देवाच्या कार्याला बाध येत नाही, ही त्यांची श्रद्धा होती. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली, ती त्याच श्रद्धेने.

विचार करता करता आमच्या ध्यानात आले की, आम्ही सारेच एका ठिकाणी चुकत होतो. काका ती गोष्ट लाजिरवाणी समजून झाकू पाहत होते आणि आम्ही ती सनसनाटी समजून उघड करू पाहत होतो. दोघांनीही त्या नोंदीत नसलेले काहीतरी तिच्यात घातले होते. धर्मगुरूंनी लिहिले होते फक्त 'अज्ञात'. 'पाप' असे त्यांनी लिहिले नव्हते. ते मूल कोणाच्या अपराधाचे होते, की पटकीने दगावलेल्या बापाचे, की समुद्रातून न परतलेल्या माणसाचे, हे त्या वहीला ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे ते इतकेच की एक बाळ होते, त्याला नाव मिळाले आणि त्याला उचलून धरणारे हात होते. आपण तर्क लढवू लागतो तेव्हा, ज्याला उत्तर देता येत नाही अशा माणसावर आपण आरोप ठेवीत असतो. दुष्काळाचा तो गोड तर्कही शेवटी तर्कच.

आणि समजा, खरोखरच कोणाचा अपराध असला? यहेज्केल संदेष्टा अठराव्या अध्यायात निक्षून सांगतो की, बापाचे पाप मुलाच्या माथी येत नाही. मग बापाच्या थोरवीवर तरी मुलाने हक्क का सांगावा? पूर्वजांचा मोठेपणा आपला नाही आणि त्यांचा कमीपणाही आपला नाही. आपले असते ते फक्त त्यांचे ऋण.

दोन मेणबत्त्या

आठवडाभर घरात त्या विषयावर कोणी बोलले नाही. मग एका संध्याकाळी काकांनीच आम्हाला बोलावून घेतले. त्यांना काहीतरी आठवले होते. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ते आजोबांचा हात धरून कबरस्थानात जात. घरच्या कबरीवर फुले घालून, मेणबत्त्या लावून झाल्या की आजोबा खिशातून आणखी दोन मेणबत्त्या काढत आणि कुंपणाजवळच्या मोकळ्या जागेवर लावत. तेथे कबर नव्हती, क्रूस नव्हता. काकांनी एकदा विचारले होते, "इथे कोण आहे?" आजोबांनी उत्तर दिले नाही. वाऱ्यासमोर हात धरून ज्योत लागेपर्यंत ते थांबले होते, इतकेच.

काका म्हणाले, "त्यांना ठाऊक होते. त्यांनी लपवलेही नाही आणि सांगितलेही नाही. त्यांनी जागा ठेवली." थोडे थांबून म्हणाले, "तुम्हीही तसेच करा."

आम्ही तसेच केले. कुटुंबवृक्षात पणजोबांच्या वर दोन चौकटी काढल्या आणि त्या कोऱ्या ठेवल्या. कोणाचे नाव घातले नाही, कोणता शब्दही लिहिला नाही. शेजारी धर्ममातेचे आणि तिच्या नवऱ्याचे नाव ठळक अक्षरांत लिहिले. तिच्या सख्ख्या लेकरांच्या वंशजांचाही शोध घेतला. ते पलीकडच्याच आळीत निघाले. दीडशे वर्षे एकमेकांना नुसते 'शेजारी' म्हणत होतो. त्यांनाही मेळाव्याला बोलावले.

एकदा रिकाम्या जागा दिसू लागल्या की त्या सगळीकडे दिसतात. आमच्या पहिल्या आराखड्यात फक्त मुलगे होते. मुलींच्या नावापुढे रेघ संपत होती, जणू लग्न होऊन त्या मेल्याच. नीट पाहिले तर तो आराखडा आम्ही नकळत सातबाऱ्यावरून काढला होता. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती बापाने मृत्युपत्र केले नसेल, तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. पण हक्कसोडपत्रावर बहिणीचा अंगठा घेतला की ती कागदावरून जाते, आणि मग कुटुंबवृक्षावरूनही जाते. आमच्या आत्यांनी अशा सह्या केल्या आहेत. कोणी आनंदाने, कोणी भावाचे तोंड पाहून. त्या सह्यांविषयी आमच्या घरात अजून बोलायचे आहे. तूर्त आत्यांच्या शाखा, त्यांच्या लेकी-नातवंडांसह, पूर्ण लिहिल्या. कागद अपुरा पडला, दुसरा जोडावा लागला.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण येथे होते. १५९७ साली जपानमध्ये नागासाकी येथे ते क्रूसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. त्यांचे वडील पोर्तुगीज होते. आई इथली, आपल्या मातीतली. आपल्या संताला जन्म देणाऱ्या त्या माउलीची ओळख 'वसईची एक स्त्री' एवढीच उरली आहे. तिचे नाव गोन्सालोच्या नावाशेजारी आपण घेत नाही. तेथेही एक कोरी चौकट आहे.

आपणही लिहू या

मेळावा झाला. सुरुवातीच्या मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थनांमध्ये एक प्रार्थना होती, 'ज्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत आणि ज्यांच्यामुळे आम्ही आहोत' त्यांच्यासाठी. ती काकांनी वाचली. नंतर कॅनडाहून आलेली एक चिमुरडी कोऱ्या चौकटींवर बोट ठेवून विचारत होती, "हिअर हू?" काका तिला मराठीतून समजावत होते. तिला किती कळले, देव जाणे.

धर्मग्रामस्थांना आमची विनंती आहे की, प्रत्येक घरात एक वही करावी. वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्यापाशी बसावे. आजीचे नाव लिहावे, तिचे माहेर लिहावे, तिच्या आईचे नाव लिहावे. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे घालावीत. माळ्यावरचे मोडीतले कागद रद्दीत देऊ नयेत. चर्चच्या वह्या पाहायच्या असतील तर फादरांची परवानगी घ्यावी, स्वच्छ हातांनी पाहाव्यात आणि तेथे शेजाऱ्याच्या घराविषयी काही नजरेस पडले तर ते त्याच वहीत मिटून ठेवावे. आपल्याच घराविषयी काही नको ते सापडले तर घाबरू नये आणि बभ्राही करू नये. आधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे. कदाचित त्याला दोन मेणबत्त्या आठवतील.

आमचा हा लेखही काकांना वाचून दाखवूनच येथे दिला आहे. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. आम्ही लिहिले होते की आजोबा मेणबत्त्या लावून लगेच निघत. काका म्हणाले, "नाही. दोन्ही विझेपर्यंत उभे राहायचे. मला झोप यायची."

येत्या मृतांच्या दिवशी आम्ही सारे तेथे जाणार आहोत. आपल्यालाही वाटले तर घरच्या कबरीवरची प्रार्थना झाल्यावर एक मेणबत्ती जादा घेऊन या. कुंपणापाशी जागा पुष्कळ आहे.